जंत्रीतील रकाने : गणना आणि निर्णय

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील विज्ञानाचे अध्यापक बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री इ. स. १७२८ ते १८८९ या कालखंडाची आहे. तत्पूर्वीचा काळ गणेश सखाराम खरे यांच्या ‘शिवकालीन संपूर्ण शकावली’ने (१९२३) भरून काढला. हे ग्रंथ केवळ सोयीची कोष्टके मानले जातात. वस्तुतः कालवाचक शब्दांच्या अर्थाचा त्यांत एक पद्धतशीर विचार आहे आणि त्याच दृष्टीने त्यांचे परीक्षण व्हावयास हवे.

आज डेटा मॉडेलिंगमध्ये संगणकावर दिनदर्शिकेचे जे कोष्टक रचतात, त्याचे तत्त्व जंत्रीचेच आहे. एका दिवसास एक ओळ, आणि त्या दिवसावरून गणनेने काढलेले वर्ष, तिमाही, महिना व वार यांचे रकाने. रकाना हवा तेव्हा वाढविता येतो. परंतु प्रत्येक रकान्याचा वर्षारंभ स्वतंत्र असतो, हे विसरून चालत नाही. एप्रिलपासून मोजल्या जाणाऱ्या आर्थिक वर्षात मार्च २०२५ हा २०२४-२५ मध्येच मोडतो.

पानिपतचा दिवस पाहावा. १४ जानेवारी १७६१ म्हणजे पौष शुद्ध ८, शके १६८२. सुहूर सन ११६१, फसली ११७०, हिजरी ११७४, राजशक ८७. शकाचा आरंभ चैत्र शुद्ध प्रतिपदेस, सुहूर व फसलीचा मृगास, हिजरीचा मोहरमात, तर राजशकाचा ज्येष्ठ शुद्ध १३ ला. म्हणूनच शकात ७८ मिळविण्याचा रूढ नियम येथे चुकतो. ७९ मिळवावे लागतात. गणना दिवसावरून केली तर अचूक येते. एका वर्षांकावरून दुसरा काढू लागल्यास घसरते.

खरी कसोटी उलट दिशेने लागते. पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत येतो : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार, अर्थात ११६१. हे वर्ष सौर, पण त्यासोबत लिहिलेले महिने हिजरी, म्हणजे चांद्र. बारा चांद्र महिन्यांचे दिवस सुमारे ३५४. त्यामुळे प्रत्येक सुहूर सनात अकराएक तारखा दोनदा येतात, एकदा आरंभी आणि एकदा अखेरीस. अशा वेळी सन, महिना आणि तारीख हे तिन्ही शुद्ध वाचूनही दिवस निश्चित होत नाही, आणि पत्र वर्षभर मागेपुढे पडून कार्यकारणाचा क्रमच उलटा होऊ शकतो.

येथे वाराचा रकाना उपयोगी पडतो. ३५४ किंवा ३५५ दिवसांच्या अंतराने वार तोच येऊ शकत नाही. पत्रात वार लिहिलेला असेल तर दोहोंपैकी एक तारीख बाद होते. नसेल तर पत्रातील मजकुराचाच आधार घ्यावा लागतो. दिवसावरून रकाना काढणे ही गणना होय. रकान्यांवरून दिवस ठरविणे हा निर्णय होय. जंत्री पहिली पुरविते, दुसऱ्याची जबाबदारी अभ्यासकावरच राहते.