मूत्रातील जैवनिर्देशक आणि स्तनकर्करोगाचे भाकीत : एक चिकित्सा

मूत्रातील जैवनिर्देशकांवरून स्तनकर्करोगाचा धोका आधीच ओळखता येईल, हा विचार ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीने निश्चितच आकर्षक आहे. त्यात सुई टोचावी लागत नाही आणि संकोचही कमी. आष्टीसारख्या तालुक्याच्या गावीही नमुना सहज घेता येईल. परंतु नमुना घेणे आणि जीव वाचविणे यांत मोठे अंतर आहे. मूत्रातील इस्ट्रोजेनच्या दोन चयापचितांचे गुणोत्तर धोका दर्शविते, असे गृहीतक मांडले गेले; पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत.

या संदर्भात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा प्रयोग निकष ठरावा. १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करून एका गटाची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून हाताने स्तनतपासणी करण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखाली तशी घट आढळली नाही. मूत्रपरीक्षणाने हीच कसोटी, विशेषतः पन्नाशीखालील स्त्रियांबाबत, पार केली पाहिजे. अन्यथा धोका कळूनही सेवाग्राम वा नागपूरपर्यंतचा उपचार ज्या स्त्रीला परवडणार नाही, तिच्या पदरी केवळ भीतीच पडेल.