मेक्सिकोच्या पोथ्यांतील नामचित्रें : एक परीक्षण

इ. स. १५२१ मध्यें स्पॅनिश लोकांनीं मेक्सिको जिंकल्यावरही तेथील लेखक नाहुआत्ल भाषेंतील व्यक्तिनामें चित्रांनींच लिहीत असत. माणसाचें मस्तक काढून त्यास नामचित्र जोडावयाचें. शेजारीं पुष्कळदां तेंच नांव रोमन अक्षरांत. या नामचित्रांविषयीं दोन मतें रूढ झालीं. एक, हीं नुसतीं चित्रें आहेत, लिपि नव्हे. दुसरें, त्यांतील ध्वनिलेखन स्पॅनिश अक्षरांच्या सहवासानें आलें. दोन्ही मतें तपासून पाहणें अवश्य आहे.

पहिल्याचें खंडन फ्रेंच संग्राहक जोसेफ ओबँ यांनीं १८४९ सालींच केलें. इत्स्कोआत्ल हें नांव घ्या. इत्स्त्ली म्हणजे ज्वालामुखींतील काळी कांच, कोआत्ल म्हणजे सर्प. ऑक्सफर्ड येथील मेंडोसा पोथींत या नांवाच्या राजाचें (१४२७–१४४०) नामचित्र म्हणजे पाठीवर कांचेचीं पातीं असलेला सर्प. येथें अर्थच चित्रित झाला. पॅरिस येथील व्हेर्गारा पोथींत मात्र तेंच नांव कांच, मडकें व पाणी यांनीं लिहिलें आहे. मडकें तें कोमित्ल, पाणी तें आत्ल; त्यांचीं पहिलीं अक्षरें घेऊन 'इत्स्-को-आ'. सर्पाचा मागमूस नाहीं! येथें मडक्याचा अर्थ शोधणारा फसलाच म्हणावयाचा. वाच्यार्थ टाकून केवळ ध्वनि घेतला, तेथें लिपि नाहीं असें कोण म्हणेल?

दुसरें मत अधिक विचारार्ह आहे. परकीं नांवें लिहितांना ध्वनीचाच आश्रय करावा लागे, हें खरें. राजप्रतिनिधि मेंडोसा याचें नांव मेत्ल म्हणजे घायपातीच्या जातीची वनस्पति व तोसान म्हणजे जमीन पोखरणारा एक प्राणी यांवरून 'मे-तोसा' असें साधलें. परंतु मेंडोसा व व्हेर्गारा या दोन्ही पोथ्या स्पॅनिश अमलांतील, सुमारें एकाच दशकांतील. सहवास हेंच एकमेव कारण असतें, तर दोहोंत ध्वनिलेखन सारखें दिसावयास हवें होतें. तें तसें नाहीं. व्हेर्गारा पोथी तेश्कोको प्रांतांतील तेपेत्लाओस्तोक येथील. हा भेद लेखकांच्या स्थानिक परंपरेचा आहे, असें आल्फोन्सो लाकादेना यांनीं २००८ मध्यें प्रतिपादिलें. आम्हांस तेंच सयुक्तिक वाटतें. नामचित्रांची चाल तर निःसंशय जुनी. तिसोक राजाच्या (१४८१–१४८६) कोरीव शिळेवर त्याचें व जिंकलेल्या स्थळांचीं नामचिन्हें आहेत. तथापि तेवढ्यावरून ध्वनिलेखन सर्वत्र रूढ होतें असें अनुमान करणें अतिव्याप्तीचें होईल.

संग्राहकांनीं व संपादकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सूचींत 'कांचसर्प' एवढें भाषांतर दिलें, अथवा केवळ रोमन पाठ छापला, तर दोन्ही पोथ्यांतील नोंदी एकसारख्या दिसतील, आणि ज्यावर हा सारा वाद अवलंबून आहे तो पुरावाच नाहींसा होईल. चित्र, त्याचें वाचन व शेजारचा पाठ हीं तिन्ही वेगवेगळीं, पृष्ठांकासह दिलीं पाहिजेत. मडकें मडकें म्हणूनच नोंदवावें. त्याचा सर्प करणें हें संपादकाचें काम नव्हे.