आजाऱ्याची प्रार्थना : ‘साधना’ या ग्रंथाचे पुनर्वाचन

काही ग्रंथ निरोगी माणसाने वाचले तर एक अर्थ देतात आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाने वाचले तर दुसरा. येशूसंघीय धर्मगुरू फादर अँथनी डिमेलो यांचा ‘साधना’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ या जातीचा आहे. आणंद येथील गुजरात साहित्य प्रकाशनाने तो १९७८ साली प्रसिद्ध केला. ख्रिस्ती प्रार्थनेचे अभ्यास पौर्वात्य पद्धतीने मांडणारे पुस्तक म्हणून त्याची कीर्ती झाली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि थकलेल्या, दुखणाऱ्या शरीराच्या माणसाला हा ग्रंथ काय देतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तोच प्रश्न आम्ही येथे विचारीत आहोत.

फादर डिमेलो यांचा जन्म १९३१ साली मुंबईत झाला. १९४७ मध्ये ते येशूसंघात दाखल झाले आणि १९६१ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. बार्सिलोना येथे तत्त्वज्ञान, पुण्याच्या डी नोबिली महाविद्यालयात ईशज्ञान आणि शिकागो येथे मानसशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले. त्यांनी पुण्यात सुरू केलेली ‘साधना’ संस्था पुढे लोणावळ्यास आली आणि या गावाचे नाव जगभरच्या व्रतस्थांच्या तोंडी झाले. २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचावन्न होते.

लोणावळा आणि मावळ ही या ग्रंथाला शोभणारी भूमी आहे. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षू ध्यान करीत. आपल्याच श्वासाकडे लक्ष देण्याचा आणि देहाची नश्वरता डोळ्यांपुढे आणण्याचा अभ्यास ही त्यांच्या परंपरेची देणगी होय. भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा एकांतासाठी बसत. लोणावळ्यातच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. अशा भूमीत कार्य करणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मगुरूला प्रार्थना केवळ डोक्याने न करता देहानेही करावी असे वाटले, यात नवल नाही.

ग्रंथाचे तीन भाग आहेत : जागरूकता, कल्पना आणि भक्ती. पहिल्या भागात वाचकाने शांत बसावे, अंगावरील वस्त्राचा, आसनाचा, हातांचा स्पर्श अनुभवावा, मग श्वासाच्या येण्याजाण्याकडे लक्ष द्यावे, असे सांगितले आहे. आपल्या भाविकांना हे प्रथमतः परके वाटते. शरीर म्हणजे मोहाचे घर अशी समजूत आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात लहानपणापासून घर करून असते. परंतु ‘शब्द देहधारी झाला’ असे मानणाऱ्या धर्मात देहाला प्रार्थनेच्या दाराबाहेर उभे करता येत नाही. फादर डिमेलो यांनी ते दार उघडले, हे या ग्रंथाचे पहिले श्रेय होय.

येथेच आमची पहिली शंकाही उभी राहते. ज्याचा श्वासच धापेचा आहे, त्याने श्वासाकडे लक्ष देऊन शांती कशी मिळवावी? मावळचा पावसाळा, त्यातील धुके आणि ओल ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना दमेकऱ्याची रात्र ठाऊक आहे. संधिवाताने जखडलेल्या आजीला ताठ बसणे शक्य नाही. शरीराच्या संवेदना टिपू गेल्यास तिला वेदनेवाचून दुसरे काही सापडणार नाही. ग्रंथातील अभ्यासांचा क्रम बहुतांशी धडधाकट साधकाला, विशेषतः एकांतध्यानासाठी आलेल्या व्रतस्थाला, समोर ठेवून रचलेला आहे. त्यामुळे आजारी वाचकाची अशी समजूत होण्याचा धोका आहे की, आपल्याला चित्त एकाग्र करता येत नाही, म्हणजे आपल्याला प्रार्थनाच येत नाही. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना हे दुःख आम्ही वारंवार ऐकतो. जपमाळेचे एक दशकही पुरे होत नाही म्हणून माणसे रडतात. दुखण्यापेक्षा ही टोचणी त्यांना अधिक छळते.

मात्र याच ग्रंथात या टोचणीवर औषधही आहे. रिकाम्या खुर्चीचा अभ्यास पाहावा. एक धर्मगुरू एका आजाऱ्याच्या भेटीस जातात आणि त्याच्या खाटेजवळ एक रिकामी खुर्ची पाहतात. आजारी सांगतो की, त्याला प्रार्थना करणे फार जड जात असे; तेव्हा कोणी सुचविले की, येशू या खुर्चीवर बसला आहे असे मानून त्याच्याशी बोलावे. तेव्हापासून तो बोलत आला. पुढे त्याच्या मृत्यूची वार्ता घेऊन त्याची मुलगी येते आणि तिला न उलगडलेली एक गोष्ट सांगते : वडिलांचे मस्तक उशीवर नव्हते, त्या खुर्चीवर टेकलेले होते. येथे आसन नाही, श्वासाचे तंत्र नाही, एकाग्रतेची परीक्षा नाही. आहे ती केवळ सोबत. आमच्या मते संपूर्ण ग्रंथात आजाऱ्याच्या सर्वांत जवळचे पान हेच.

दुसरा अभ्यास आपल्या देहाचा निरोप घेण्याचा. मृत्यू जवळ आला आहे अशी कल्पना करून साधकाने एकेका अवयवाचे आभार मानावयाचे. एवढे तर एखादा तत्त्वज्ञही सुचवील. पण पुढे येशू स्वतः येतो आणि त्या अवयवांनी केलेल्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानतो, असे लेखक कल्पावयास सांगतात. भातलावणीत वर्षानुवर्षे वाकलेली पाठ, धुण्याभांड्यांनी भेगाळलेले हात, रेल्वेच्या रात्रपाळीने थकलेले डोळे यांचे आभार आपल्या घरांत कोण मानतो? निकामी झालेला अवयव म्हणजे ओझे, असे आजाऱ्याला वाटत असते. त्याच अवयवापुढे प्रभू कृतज्ञतेने उभा आहे ही कल्पना आजाऱ्याला त्याची प्रतिष्ठा परत देते.

तरीही एक उणीव राहते. हा ग्रंथ मुख्यतः एकट्या साधकाचा आहे. शुभवर्तमानातील पक्षाघाती मनुष्य स्वतःच्या पायांनी येशूकडे गेला नाही. चौघांनी त्याला उचलून नेले आणि छप्पर उघडून खाली सोडले. येशूने त्या चौघांचाही विश्वास पाहिला, असे मार्क नोंदवितो. संत याकोब आजाऱ्याला एकट्याने धीर धरावयास सांगत नाही. मंडळीच्या वडिलांना बोलावून तैलाभ्यंग व प्रार्थना करावयास सांगतो. संत पौलाने आपल्या देहातील काटा जावा म्हणून तीनदा विनविले; काटा गेला नाही, कृपा मिळाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातील मुख्य धागा, म्हणजे आजाऱ्याचे दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले जाऊन इतरांसाठी फलदायी होते हा विचार, ‘साधना’त ठळकपणे येत नाही.

१९९८ साली विश्वासाच्या सिद्धांतांसंबंधीच्या व्हॅटिकन मंडळाने फादर डिमेलो यांच्या लेखनाविषयी सूचनापत्र काढले, हे वाचकांच्या कानी असेल. त्यातील गंभीर आक्षेप प्रामुख्याने उत्तरकाळातील लेखनाकडे वळतात. आरंभीच्या लेखनात पौर्वात्य प्रभाव असूनही लेखक ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत राहिला, असे तेच पत्र म्हणते. ‘साधना’ हे त्या आरंभीच्या काळातील पुस्तक. विवेकाने वाचावे, भयाने दूर सारू नये, असे आमचे मत आहे.

तेव्हा ज्या घरात कोणी दीर्घ आजारी आहे, तेथे हा ग्रंथ त्याच्या हाती देऊन कुटुंबाने मोकळे होऊ नये. पहिला भाग निरोग्यांनी आपल्यासाठी ठेवावा. आजाऱ्यासाठी वर सांगितलेले दोन अभ्यास निवडावेत, कोणीतरी ते हळू आवाजात वाचून दाखवावेत, आणि तो थकला की थांबावे. त्याच्याने प्रार्थना होत नसेल तर घरच्यांनी त्याच्या वाट्याची करावी. आणि खाटेजवळच्या खुर्चीवर दिवसातून घटकाभर आपणही जाऊन बसावे.