पाळतीचा आदेश आणि अनुपस्थित वाचक

पाळतीची चर्चा निघाली की आपली समीक्षा ऑर्वेलच्या ‘१९८४’कडे आणि फुकोने मांडलेल्या पॅनॉप्टिकॉनकडे वळते. आपल्यावर नजर असू शकते ही जाणीव या दोन्ही प्रतिमानांत पाहिल्या जाणाऱ्या व्यक्तीला असते. किंबहुना त्या जाणिवेतूनच शिस्त निर्माण होते. दूरध्वनी चोरून ऐकण्याची क्रिया मात्र अजाणतेपणावरच उभी असते. म्हणून येथे प्रश्न नजरेचा नसून संहितेचा, म्हणजे पाळतीच्या लेखी आदेशाचा आहे. ही संहिता वाचतो कोण?

१८८५च्या तार अधिनियमातील कलम ५(२)ने ‘सार्वजनिक आणीबाणी’ व ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या दोन अटी घातल्या. या अटी गुप्त असू शकत नाहीत, समंजस माणसाला त्या उघड दिसल्या पाहिजेत, असा अर्थ १९९६मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लावला. म्हणजे नागरिक हाच या शब्दांचा अभिप्रेत वाचक ठरला. परंतु कायद्यात तरतूद नसल्याने न्यायालयीन पूर्वपरवानगीची मागणी त्याच निकालाने नाकारली आणि फेरतपासणी सचिवांच्या समितीकडे सोपवली. लेखक शासन, वाचकही शासनच! न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या अहवालानुसार दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. याला वाचन म्हणणे कठीण आहे.

याउलट, २०१९मध्ये लाचेच्या एका प्रकरणातील असे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण दोहोंपैकी एकही अट तेथे दिसत नव्हती. हे शक्य झाले ते ध्वनिमुद्रणे पुरावा म्हणून पुढे आल्यामुळे. आरोपी त्या आदेशाचा विरोधी वाचक होऊ शकला. ज्यांच्यावर खटलाच भरला जात नाही, त्यांच्याबाबतचे आदेश मात्र कायमचे अवाचित राहतात.

तपास चालू असताना गुप्तता आवश्यक असते, हे मान्यच आहे. पण तपास संपल्यावरही संबंधिताला कळवण्याचे बंधन आपल्या नियमांत नाही. २०२३च्या दूरसंचार अधिनियमाने जुनीच शब्दयोजना जवळजवळ तशीच स्वीकारली. फेरतपासणीही सचिवांच्याच समितीकडे राहिली.

वाचकाशिवाय अर्थ सिद्ध होत नाही, हा ग्रहणसिद्धान्ताचा विचार येथे नागरी हक्काचे रूप घेतो. कायद्याचे शब्द कितीही काटेकोर केले, तरी ते शासनाला बांधतात ते विरोधात वाचणारा कोणी असेल तरच.