31 जुलैचा उजेड

फेब्रुवारी-मार्चच्या रात्री संगमेश्वरच्या आकाशात पुष्य नक्षत्र जवळजवळ डोक्यावर येतं. त्याच्या शेजारीच ओजे 287 ही दीर्घिका आहे, साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. तिच्यावर 2020 साली ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’मध्ये एक छोटा शोधनिबंध आला. सेप्पो लेन, मौरी वाल्टोनेन यांच्याबरोबर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले लंकेश्वर डे आणि ए. गोपकुमार हेही त्याचे लेखक. त्यातल्या युक्तिवादात विलक्षण नाट्य आहे, आणि लेखकांनी आवाज कुठेही चढवलेला नाही.

1888 पासूनच्या नोंदींत ही दीर्घिका साधारण दर 12 वर्षांनी दोनदा उजळलेली दिसते. लेखक त्याचा अर्थ असा लावतात: केंद्रात 18 अब्ज सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर, त्याभोवती तप्त वायूची तबकडी, आणि 15 कोटी सूर्यांचं धाकटं कृष्णविवर ती तबकडी प्रत्येक फेरीत दोनदा भेदतं. भेदताच वायूचा लोळ उसळतो, पसरतो, उजळतो. पण धाकट्याची कक्षा दर फेरीला सुमारे 39 अंशांनी वळते, शिवाय गुरुत्वीय लहरींतून ऊर्जा निघून गेल्यानं किंचित आखडते. हे आखडणं हिशेबात धरलं नाही तर तारखा चुकतात. निबंधातली सर्वात देखणी जागा मला हीच वाटते. या जोडीची लहर कुणी टिपलेली नाही, तरी उजेडाच्या वेळापत्रकात ती आहे.

पुढच्या उद्रेकाची तारीख आधीच छापली होती: 31 जुलै 2019. तेव्हा दीर्घिका पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बाजूला होती. दूर अंतराळातल्या स्पिट्झर दुर्बिणीलाच ती दिसू शकत होती. उद्रेक भाकिताच्या चार तासांच्या आत आला! आलेखात 2007 च्या उद्रेकाशी त्याचे चढउतार जुळताना पाहून मन भरून येतं.

2022 च्या ऑक्टोबरातला अपेक्षित उद्रेक मात्र दिसला नाही. स्टेफनी कोमोसा यांच्या गटानं थोरल्याचं वस्तुमान जेमतेम 10 कोटी सूर्यांइतकं मांडलं. वाद मिटलेला नाही. निबंधाचं मोल त्यानं घटत नाही. तारीख सांगण्याचं धाडस केलं म्हणून तर ती तपासता आली.

अशा महाकाय जोड्यांच्या लहरींचा थेट माग स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांतून घेतला जातो. 29 जून 2023 रोजी युरोपीय गटानं भारतीय गटासह, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीची निरीक्षणं जोडून, 25 स्पंदकांत अशा लहरींच्या एकत्रित गुंजनाचे पुरावे मांडले. त्यातून एकाच जोडीचा सूर वेगळा काढणं अजून कुणाला जमलेलं नाही.