मयत खातेदार काउंटरवर

रहस्यपटाच्या पहिल्या रिळात पाऊस पडलाच पाहिजे, असा अलिखित नियम आहे. राज खोसलांच्या 'वह कौन थी?' (१९६४) मध्ये रात्री भर पावसात गाडीपुढे पांढऱ्या साडीतली बाई उभी राहते. वायपर बंद पडतात, डॉक्टरला रस्ता दिसेनासा होतो. बाईला मात्र लख्ख दिसतो! काटा येतो अंगावर. पण आम्हां हिमायतनगरकरांची पंचाईत अशी, की मराठवाड्यात पाऊस दिसला की भीती पळते आणि पेरणी आठवते.

म्हणून आमचे मत राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'ला (१९६४). तिथे वकिलाची बायको आधी वारते. मग पोलिसांनी पकडलेली एक बाई म्हणते, मीच ती! आधी खात्री पटवायची, मग ती काढून घ्यायची. आम्हां बँकवाल्यांना विचारा. दाखला पाहिला, वारसाला रक्कम दिली, खाते बंद केले. आणि दुसऱ्या दिवशी खातेदारबाई पासबुक घेऊन काउंटरवर हजर! भुताला हाकलता येते हो. सही जुळणाऱ्या बाईचे काय करायचे?

अंधाराची भीती थिएटरातच संपते. ज्यावर आपणच सही केली तेच खोटे निघाले तर, ही भीती घरापर्यंत सोबत येते. खोसलांनाही ते पटले असावे. १९६६ साली 'पाठलाग'वरूनच त्यांनी 'मेरा साया' काढला!