कसब कोणाच्या मालकीचे?

अनिल गुप्ता आणि विजय गोविंदराजन यांचा २००० सालचा शोधनिबंध बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अभ्यासकांना आजही आधाराचा वाटतो. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या ७५ कंपन्यांच्या ३७४ उपकंपन्यांची पाहणी करून, ज्ञान एका शाखेतून दुसरीकडे कसे जाते, हे त्यांनी तपासले. ज्ञानाचे मोल, देणाऱ्याची इच्छा, दोघांमधले दुवे, घेणाऱ्याची इच्छा आणि त्याची ग्रहणशक्ती या त्यांच्या पाच कसोट्या.

ज्ञान म्हणजे दरमहाचे हिशेब नव्हेत, तर कसब, हा त्यांचा भेद मला मोलाचा वाटतो. मात्र प्रश्नावली गेली ती उपकंपन्यांच्या प्रमुखांकडे. त्यामुळे कसब कंपनीच्या मालकीचे, हे गृहीतच राहिले. फोर्सग्रेन, होल्म आणि योहान्सन यांनी २००५च्या पुस्तकात ग्राहक आणि पुरवठादारांनाही जाळ्यात घेतले. पण तेही संबंध मुख्यतः कंपन्या-कंपन्यांमधले.

मीरा रोडला राहून हे वाचताना एक गोष्ट खटकते. मालाडच्या माइंडस्पेसमध्ये परदेशी कंपन्यांची कामे चालतात आणि तिथली रात्रपाळी करून परतणारी मुले आमच्या भागात राहतात. चिडलेल्या ग्राहकाला शांत कसे करायचे, हे प्रशिक्षणाच्या कागदापेक्षा शेजारच्या खुर्चीवरून अधिक शिकले जाते. कारखान्यातले कसब थोडेफार यंत्रात उतरते. सेवेतले गळ्यात आणि कानात राहते. माणसाने नोकरी सोडली की तेही त्याच्याबरोबर बाहेर पडते.

ते कुठवर जाऊ शकते, हे ऑक्टोबर २०१६मध्ये दिसले. ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या बनावट कॉल सेंटरांवर छापे घालून ७० जणांना अटक केली. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून, कर थकल्याचे सांगून, अटकेची धमकी देऊन तिथून पैसे उकळले जात. ठरलेली संहिता, परदेशी वळणाचे इंग्रजी, रात्रपाळी: कसब तेच, हेतू उलटा. त्या पाच कसोट्या लावल्या, तर ज्ञानाचा हा प्रवासही यशस्वीच ठरेल!

म्हणून या सिद्धान्ताला सहावा प्रश्न हवा: कसब कोणाच्या हाती आणि कशासाठी? रात्रपाळीचा माणूस प्रामाणिक नोकरीत का टिकतो, कोणत्या पगारावर, कोणत्या आशेवर, हे प्रमुखांच्या उत्तरांत सापडणार नाही. ते त्यालाच विचारावे लागेल.